घरपट्टी, पेन्शन आणि सकाळचा उपमा

२०२२ च्या १ जानेवारीला मुंबईकरांना नव्या वर्षाची भेट मिळाली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल उजाडता उजाडता, चेन्नईत सहाशे चौरस फुटांच्या घराची घरपट्टी दीडपट झाली. दोन्ही शहरांच्या तिजोरीत फरक असेलच, पण पंचांगातला फरक त्याहून मोठा होता. मुंबईत महापालिकेची निवडणूक व्हायची होती. चेन्नईत ती १९ फेब्रुवारीला होऊन गेली होती.

चेन्नईचा गेल्या पंचवीस वर्षांतला कारभार या पंचांगावरून नीट वाचता येतो. घरपट्टी, सरकारी नोकरांची पेन्शन आणि शाळांचा खर्च यांच्या बातम्या वर्तमानपत्रात तीन वेगळ्या पानांवर छापून येतात. हिशेबाच्या वह्याही वेगळ्या आहेत, घरपट्टी महापालिकेची आणि पेन्शन राज्य सरकारची. पण महापालिकेला कमी पडले की ती राज्यापुढे हात पसरते, आणि राज्याला कमी पडले की ते कोणाचा तरी हक्काचा घास लांबणीवर टाकते. तेव्हा ही तिन्ही पाने एकत्र ठेवून मागे जायला हवे.

मागे म्हणजे अगदी उगमापर्यंत. मद्रास महापालिकेची सनद ३० डिसेंबर १६८७ ची आणि तिचा कारभार सुरू झाला २९ सप्टेंबर १६८८ ला. ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनमधले धुरीण जोसाया चाइल्ड यांचा होरा असा होता, की कंपनीने लादलेल्या करापेक्षा आपल्यातल्याच माणसांनी बसवलेला कर लोक खुशीने देतील. त्या करातून टाउन हॉल, तुरुंग आणि देशी मुलांना इंग्रजी व अंकगणित शिकवणारी शाळा उभी करायची होती. होरा चुकला. रहिवाशांनी नव्या कराला विरोध केला आणि बेत रखडले. शाळा हवी पण कर नको, हे या शहराचे पहिले भांडण आहे आणि ते अजून मिटलेले नाही.

दुसरा मुक्काम १९२० चा. जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष होते. थाउजंड लाइट्स भागातल्या महापालिका शाळेत मुलांना रोज खाणे द्यावे आणि खर्च दर मुलामागे एका आण्याच्या वर जाऊ नये, असा ठराव त्या सप्टेंबरमध्ये मंजूर झाला. योजना आणखी चार शाळांत गेली. १९२२-२३ मध्ये या पाच शाळांत ८११ मुले होती, दोन वर्षांत ती १,६७१ झाली. मुले भुकेमुळे शाळेबाहेर राहतात याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा! तरी १९२५ मध्ये योजना बंद पडली, कारण प्राथमिक शिक्षण निधीतला पैसा खाण्यावर खर्च करायला ब्रिटिश सरकारने मनाई केली. हिशेबाच्या एका रकान्याने मुलांची ताटे उचलली. पुढे योजना पुन्हा सुरू झाली, आणि कामराज व एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात सगळ्या राज्याची झाली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

चेन्नईच्या घरपट्टीत शिक्षणाचा वाटा असतो तो या परंपरेमुळे. घरपट्टीच्या जोडीने ग्रंथालय उपकरही वसूल होतो, रुपयामागे दहा पैसे. एस. आर. रंगनाथन यांच्या खटपटीतून झालेल्या १९४८ च्या ग्रंथालय कायद्याची ही देणगी. आपल्या महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यात असा उपकर नाही आणि आपली वाचनालये अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. सांगायचा मुद्दा एवढाच, की घरपट्टीच्या कागदावर शाळा, पुस्तक आणि दिवाबत्ती एकाच रांगेत उभी असतात. ती पट्टी गोठली की सगळी रांग गोठते.

चेन्नईत ती तब्बल वीस वर्षे गोठली. १९९८ नंतर सर्वसाधारण फेरआकारणी झालीच नाही. दरम्यान शहर थांबले नव्हते. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उठल्या, २०११ मध्ये महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली, जागांचे भाव कुठल्या कुठे पोहोचले. भाडेकरू दर वर्षी वाढीव भाडे देत राहिला आणि घरमालकाची पट्टी विसाव्या शतकातच राहिली.

या गोठलेल्या वीस वर्षांत राज्य पैसा वाचवायला गेले ते दुसऱ्या टोकाला. १ एप्रिल २००३ नंतर नोकरीला लागणाऱ्यांसाठी तमिळनाडूने जुनी पेन्शन बंद केली. जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापले जात नसे आणि निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम महागाई भत्त्यासह मिळे. नव्या अंशदायी योजनेत दहा टक्के कर्मचाऱ्याचे, तेवढेच सरकारचे, आणि शेवटी जमेल ती पुंजी. केंद्राची नवी योजना त्यानंतर, १ जानेवारी २००४ ला आली. महाराष्ट्राची १ नोव्हेंबर २००५ ला. तमिळनाडू सर्वांच्या पुढे धावला, पण केंद्राच्या पेन्शन प्राधिकरणाच्या व्यवस्थेत कधी सामील झाला नाही. परिणामी या योजनेतले लोक निवृत्त होऊ लागले तेव्हा त्यांच्या हाती एकरकमी पैसे आले, महिन्याची पेन्शन आली नाही.

यात एक गोम होती आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. अशा बदलाने सरकारचा पैसा लगेच वाचत नाही. जुन्या लोकांची पेन्शन चालूच राहते आणि वर नव्या लोकांचा हिस्साही भरावा लागतो. बचत दिसायला तीसएक वर्षे लागतात. म्हणजे आजच्या सरकारने दुहेरी भार सोसायचा आणि श्रेय २०३५ च्या सरकारने घ्यायचे. इतका संयम कोणत्या राजकारण्याला परवडतो?

पेन्शनबरोबर इतर सवलतींनाही कात्री लागली होती. २ जुलै २००३ ला कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. जयललिता सरकारने अत्यावश्यक सेवा कायदा उगारला, अध्यादेश काढला आणि सुमारे १ लाख ७० हजार जणांना एका झटक्यात बडतर्फ केले. महाराष्ट्राने १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप पाहिला आहे, पण अशी घाऊक बडतर्फी देशाने पाहिली नव्हती. टी. के. रंगराजन यांच्या याचिकेवर ६ ऑगस्ट २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकही हक्क नाही. माफीनामे लिहून बहुतेक जण कामावर परतले. कामगार चळवळीचे लोक आजही तो निकाल जखमेसारखा आठवतात, आणि तो आला त्या गावाच्या नावाने, जिथे १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली होती.

मग पंचांग फिरले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत द्रमुक आघाडीने राज्यातल्या ३९ पैकी ३९ जागा जिंकल्या. निकालानंतर काही दिवसांतच जयललितांनी कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया आणि इतर अनेक कठोर निर्णय मागे घेतले. पेन्शनचे कलम मात्र तसेच राहिले, कारण जे अजून नोकरीत आलेच नव्हते त्यांचे मत कुठे पडणार होते?

शाळांत हाच न्याय लागला. त्या काळात शिक्षक ठोक मानधनावर भरले गेले. १ जून २००६ पासून करुणानिधी सरकारने त्यांना नियमित केले. पुढे वेतन आयोगाच्या फेऱ्यात एक तारीख आडवी आली. ३१ मे २००९ पर्यंत लागलेल्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन ८,३७० रुपये आणि १ जून २००९ ला लागलेल्याचे ५,२००. एकच शाळा, एकच इयत्ता, एकच फळा. एका दिवसाच्या अंतराने मूळ पगारात ३,१७० रुपयांची दरी, आणि भत्ते मूळ पगारावर ठरत असल्याने ती वर्षागणिक रुंदावत जाणारी. नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर शिक्षण खात्याचे आवार आहे, जुने लोक त्याला अजून डीपीआय म्हणतात. तिथे हे शिक्षक ‘समान कामाला समान वेतन’ असे फलक घेऊन पुन्हा पुन्हा बसत आले आहेत. त्यांच्याही खाली २०१२ मध्ये महिना ५,००० रुपयांवर १६,५४९ अर्धवेळ शिक्षक घेतले गेले. चित्रकला, क्रीडा, शिवण शिकवणारी ही माणसे.

शेवटी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर घरपट्टी वाढली. राहत्या घरांना ५० टक्क्यांपर्यंत, भाड्याच्या आणि व्यापारी जागांना १०० टक्क्यांपर्यंत. वीस वर्षांची थकलेली वाढ एका बिलात आली तर कोण गप्प बसेल? ओरड झाली. स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अण्णा द्रमुक सरकारने वाढ स्थगित केली. भरलेले जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्यांत वळते करून दिले. त्याच वर्षी जानेवारीत शिक्षक-कर्मचारी संघटनांची संयुक्त कृती समिती, जॅक्टो-जिओ, जुन्या पेन्शनसाठी संपावर होती. त्यांना सांगण्यात आले, की तिजोरीत पैसा नाही. वर्गांवर १० हजार रुपयांचे तात्पुरते शिक्षक नेमण्याची तयारी झाली, अटका आणि निलंबने झाली, ३० जानेवारीला संप मागे घेतला गेला. जानेवारीत पैसा नव्हता आणि नोव्हेंबरमध्ये घरपट्टीची वाढ सोडून देता आली, हे दोन्ही एकाच वर्षातले.

करोनाच्या काळात आणखी एक युक्ती निघाली. निवृत्तीचे वय मे २०२० मध्ये ५८ वरून ५९ आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ६० झाले. कर्मचारी खूश, आणि ग्रॅच्युइटीसारखी एकरकमी देणी दोन वर्षे पुढे ढकलली गेली. तोटा झाला तो नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणांचा, आणि त्यांची संघटना नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थमंत्री पलनिवेल त्यागराजन यांनी श्वेतपत्रिका काढली. राज्यावरचे कर्ज ५.७ लाख कोटी, म्हणजे दर कुटुंबामागे २ लाख ६३ हजार ९७६ रुपये, हा आकडा त्यांनी घराघरात पोहोचवला. घरपट्टीची आबाळही त्यात आली. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली होती, की घरपट्टीचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाबरोबर वाढवा. निवडणूक आटोपली आणि एप्रिल २०२२ चा आदेश निघाला. जुन्या चेन्नईत ६०० चौरस फुटांपर्यंत ५० टक्के, १,२०० पर्यंत ७५, १,८०० पर्यंत १००, त्यावर १५०. व्यापारी जागांना १५०. उपनगरांना थोडा कमी दर. सरकारने समर्थनार्थ तक्ता दिला. सहाशे फुटांच्या घराला चेन्नईत ८१० रुपयांचे १,२१५ होणार, तर पुण्यात ३,९२४ आहेत. पुणेकरांनी हा तक्ता वाचला असता तर चेन्नईकरांच्या मोर्चाला त्यांनी नक्की हसून पाहिले असते. या आदेशात मला एक गोष्ट मोलाची वाटते. लहान घराला कमी आणि मोठ्या घराला जास्त वाढ, ही उतरंड २०१८ मध्ये नव्हती.

२०२२ च्याच १५ सप्टेंबरला शाळांत सकाळची न्याहारी सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली. सोमवारी उपमा, बुधवारी पोंगल, वर सांबार. एक आण्याच्या ठरावाला एकशे दोन वर्षे झाली होती. चेन्नई महापालिकेच्या २८१ शाळांत वाढीव हद्दीतल्या १३९ सरकारी शाळांची भर पडली. राज्याची शालेय शिक्षणाची तरतूद २०२१-२२ मध्ये ३२,५९९ कोटी होती, ती २०२५-२६ मध्ये ४६,७६७ कोटींवर गेली. मधेच पीएम श्री योजना नाकारल्याच्या वादात केंद्राने समग्र शिक्षा योजनेचे २,१५२ कोटी अडवले आणि राज्याला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. बाहेरचा पैसा असा कधीही थांबतो. तेव्हा घरचा कर किती मोलाचा असतो ते कळते.

आणि तरीही सगळ्यांत खालच्या पायरीवरचा माणूस हिशेबात बसला नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून रायपुरम आणि तिरु वि. क. नगर विभागांतले सफाई कामगार महापालिकेचे मुख्यालय असलेल्या रिपन बिल्डिंगसमोरच्या पदपथावर बसले. पांढरीशुभ्र, १९१३ ची ती इमारत, आणि तिच्या पायाशी निळ्या ताडपत्रीखाली ठाण मांडलेल्या बाया. काम खासगी कंपनीला देऊ नका, आम्हाला कायम करा, एवढे मागणे. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी त्यांना उचलले. पेन्शन जुनी की नवी, हा वाद त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

३ जानेवारी २०२६ ला, विधानसभा निवडणूक समोर असताना, स्टॅलिन सरकारने खात्रीची पेन्शन योजना जाहीर केली. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, कर्मचाऱ्याचे दहा टक्के, उरलेला भार सरकारचा. सुरुवातीला १३,००० कोटी आणि मग दर वर्षी ११,००० कोटी. द्रमुकच्या २०२१ च्या जाहीरनाम्यातले वचन पाच वर्षांनी, अर्धेमुर्धे का होईना, पाळले गेले. जॅक्टो-जिओने नियोजित संप मागे घेतला.

या सगळ्या प्रवासात माझ्या मते एकच निर्णय शहाणपणाचा ठरला, आणि त्याचे कौतुक कोणीच केले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये महापालिकेने घरपट्टी ६ टक्क्यांनी वाढवली. दर वर्षी थोडी वाढ, हाच खरा धडा. वर्षानुवर्षे झोपून मग एकदम दीडशे टक्के मागणे म्हणजे लोकांना कराचा वैरी बनवणे. मुंबई, पुणे, नागपूर कुठेही राहत असा, ‘यंदा घरपट्टीत वाढ नाही’ ही बातमी वाचली की पेढे वाटण्याआधी जवळच्या पालिका शाळेत एक चक्कर मारून या. आपल्या वाट्याचे पैसे तिथला कंत्राटी शिक्षक भरत असतो, आणि दाराशी कचरा उचलायला येणारी बाई.