पाझर आणि गळती

सकाळी साडेसातला हातात पेला आला. रंग नाही, वास नाही. चव, पाहुणे वाढले म्हणून पाणी घालून पुरवलेल्या सरबतासारखी. "एका दमात प्या काकू," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. मग रिकाम्या पेल्यात थोडं पाणी घालून, विसळून, तेही प्यायला लावलं. थेंबसुद्धा मागं राहायला नको होता.

भाचीला क्रोन्सचा आजार आहे. आतड्याला सूज, पोटात कळा. सध्या सगळं शांत आहे. तिच्या डॉक्टरांना तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, म्हणून मीही रात्रभर उपाशी राहून तिच्या शेजारी बसले होते. गुडघ्यासाठी घेते ती वेदनाशामक गोळी आधीच बंद करायला लावली होती. तिच्यानंही आतड्याचं अस्तर ढिलं होतं.

पेल्यात दोन साखरा होत्या. पाच ग्रॅम लॅक्ट्युलोज, बद्धकोष्ठाच्या पातळ औषधात असतं तेच. आणि एक ग्रॅम मॅनिटॉल. मॅनिटॉलचा कण लहान, तो अस्तरातून बऱ्यापैकी आत शिरतो. लॅक्ट्युलोजचा मोठा, दोन पेशींमधली शिवण उसवली असेल तरच तो जास्त निसटतो. रक्तात पोचलेल्या या साखरांचं शरीर फारसं काही करत नाही, त्या लघवीत उतरतात. म्हणून पुढचे पाच तास काम एकच: लघवी साठवणं.

बरणीचं झाकण उघडलं की ओव्याचा वास यायचा. तळाशी थायमॉल होतं, ओव्याच्या तेलात असतं तेच. ते नसेल तर जंतू साखर खाऊन टाकतील आणि आकडा खोटा येईल.

दहाच्या सुमारास एका आजोबांच्या हातून थोडी लघवी सांडली. ते ओशाळले. "असू द्या आजोबा, दोन्ही साखरा सारख्याच सांडल्या," मुलगी फरशी पुसायला सांगत म्हणाली. सगळी युक्ती या वाक्यात होती. मोजायचं असतं ते दोघींचं गुणोत्तर. जठर हळू रिकामं झालं, मूत्रपिंडं मंद चालली, तरी फटका दोघींना जवळपास सारखाच बसतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण ०.०३च्या आत राहतो.

"शून्य का नाही?" मी विचारलं. तिनं कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "तो पाझरतो म्हणून पाणी गार. गळायला लागला की मग काळजी."

भाची दर रविवारी ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी दुधातून घेते. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, म्हणून कोऱ्या पाण्यापेक्षा दूध बरं. पण पुडी मिळाली ती रक्तात कमतरता निघाल्यावर, आणि आठच आठवड्यांसाठी. मनानं चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम साठून मूत्रपिंडाला त्रास होतो.

शिवण घट्ट ठेवण्यात या जीवनसत्त्वाचा हात आहे का? डॉक्टरांनी डब्लिनचा दाखला दिला. तिथं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार शांत असलेल्या २७ क्रोन्स रुग्णांपैकी काहींना रोज २,००० एकक दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तीन महिन्यांनी पोकळ गोळीवाल्यांचा पाझर वाढला होता, जीवनसत्त्ववाल्यांचा होता तिथंच राहिला. "राहिला," डॉक्टर म्हणाले, "कमी झाला असं मी म्हटलं नाही. आणि माणसं किती? सत्तावीस."

दुसरा दाखला दिल्लीच्या एम्सचा. पाझर वाढलेल्या क्रोन्स रुग्णांना दोन महिने ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल दिलं. तुलनेच्या गटाला व्हे प्रथिन, म्हणजे दूध नासल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं. सुधारणा दोन्ही गटांत झाली. मला लगेच श्रीखंडासाठी टांगलेला चक्का आणि खाली निथळणारं पाणी आठवलं. मात्र मात्रा होती वजनाच्या किलोमागं अर्धा ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज तीस ग्रॅम; आणि त्या पाण्याच्या लिटरात प्रथिन जेमतेम सात-आठ ग्रॅम. चार लिटर कोण पिणार!

साडेबाराला मुलीनं माझी बरणी मापात ओतली, आकडा वहीत लिहिला, दोन लहान नळ्या भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि उरलेलं बेसिनमध्ये सोडलं. साखरा मोजायचं यंत्र नमुने पुरेसे जमल्यावरच लावतात. निकाल तीन आठवड्यांनी.

रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर गळक्या आतड्यासाठी म्हणून पावडरचा डबा होता: ग्लुटामाइन, जस्त, ड जीवनसत्त्व, सगळं एकत्र. भाचीनं तो उलटा करून बारीक अक्षरं वाचली.

"मावशी, घेऊ?"

"आपलं पाझरतंय की गळतंय, ते तर कळू दे."

तिनं डबा जागेवर ठेवला. आम्हाला दोघींनाही भूक लागली होती.