विचारण्याचा संकोच आणि विद्यापीठाचे पहिले वर्ष

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या गावांतून काही तरुण-तरुणी उच्च शिक्षणासाठी बाहेर पडतात. धारूरचा विद्यार्थी पदवीपर्यंत बहुधा आसपासच शिकतो आणि पुढे घाट उतरून, माजलगाव-गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात दाखल होतो. त्याच्या गुणपत्रिकेत फारसे उणे नसते. तरीही यांपैकी काही जण दिवाळीच्या सुट्टीत गावी येतात, ते परत जातच नाहीत. कारण विचारले तर ‘इंग्रजी जमले नाही’, ‘शहर मानवले नाही’, ‘घरी अडचण आली’ अशी ठरावीक उत्तरे मिळतात. ही उत्तरे खोटी नसतात, परंतु अपुरी असतात. या गळतीच्या मुळाशी पैशाचा अभाव आहेच. पण त्याच्या जोडीला माहितीचाही अभाव आहे. आणि माहिती मिळविण्याचा जो सर्वांत स्वस्त मार्ग, म्हणजे विचारणे, त्याचाच आपल्या मुलांना संकोच वाटतो.

जुने अडसर, नवा अडसर

निजामी राजवटीत मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीत तेथून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. म्हणजे शिकायचे तर परका प्रांत आणि परकी भाषा, अशी त्या पिढीची स्थिती होती. पुढे १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. अंतराचा आणि माध्यमाचा अडसर अशा रीतीने पुष्कळसा दूर झाला. राहिला तो अधिक सूक्ष्म अडसर. विद्यापीठाचे दार उघडे आहे, पण आतल्या वाटा कोणीतरी सांगितल्याखेरीज सापडत नाहीत.

अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, व्यवहारातील एका पक्षाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसेल, तर सारा बाजारच बिघडतो. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठ हा काही बाजार नव्हे. पण तेथेही ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले आहे त्याला अर्जाची मुदत, विषयाची निवड, वसतिगृहाची यादी या गोष्टी जेवता-जेवता कळतात. ज्याच्या घरात तो स्वतःच पहिला पदवीधर आहे, त्याला त्या मुदत संपल्यावर कळतात.

गावात माहिती ओळखीने घरी चालत येते. कोणाचा दाखला आला, कोणती योजना निघाली, हे पारावर आपोआप समजते. मोठ्या विद्यापीठात कोणी बोलावून सांगत नाही. सूचना फलकावर लागते आणि निघून जाते. ‘विचारले तर काय म्हणतील’ ही भीती सोडून पहिल्या महिन्यातच खिडकीवरच्या कारकुनाला, विभागातल्या अध्यापकाला, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला विचारण्याची सवय लावून घेणे, हा नव्या विद्यार्थ्याचा पहिला अभ्यासक्रम समजला पाहिजे. न समजलेले विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. ते न विचारता वर्ष घालविणे मात्र फार महाग पडते.

कागदपत्रे आणि ऊसतोडीचा हंगाम

या महागाईचे सर्वांत ठळक उदाहरण कागदपत्रांचे आहे. महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, या साऱ्यांचे निकष वेगवेगळे आहेत. पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी काही ना काही प्रत्येक ठिकाणी लागतेच. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विविध प्रवर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. परंतु सवलत कागदावर आहे म्हणून ती आपोआप पदरात पडत नाही.

आपल्या भागाचे वैशिष्ट्य असे की, अनेक विद्यार्थ्यांचे आई-वडील मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने फडावरच असतात. टोळी गेल्यावर वडिलांची सही, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा अहवाल, यांतले काहीच वेळेवर मिळत नाही. एका दाखल्यासाठी विद्यार्थ्याने गावी परत येणे म्हणजे येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेले तास. तेव्हा सारी कागदपत्रे घर सोडण्यापूर्वीच तहसील कार्यालयातून अथवा सेतू केंद्रातून करून घ्यावीत, त्यांच्या चार-चार प्रती जवळ ठेवाव्यात आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी. हा उपदेश क्षुल्लक वाटेल. पण शिष्यवृत्तीचा एक हप्ता चुकला म्हणजे खानावळीचे बिल थकते, आणि ते थकले की शिक्षणाचा विचार मागे पडतो.

वेळेचे मूल्य

दुसरी गोष्ट वेळेची. सत्र पद्धतीत पहिली परीक्षा चार-पाच महिन्यांत समोर येते. पूर्वी वर्षाच्या अखेरीस रात्री जागवून भागत असे. आता उपस्थिती, चाचण्या, स्वाध्याय यांचेही गुण धरले जातात. अनेक विद्यार्थी विभागात केवळ वसतिगृहाच्या खोलीपुरता प्रवेश घेतात आणि सारा दिवस स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत काढतात. नोकरीची निकड कोणी नाकारू नये. पण एका वाटेवर घालविलेला तास दुसरीवर मिळत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. मोजक्या जागांसाठी लाखो उमेदवार झगडत असताना हातची पदवी कच्ची ठेवणे म्हणजे दोन्ही नावा एकदम सोडण्यासारखे आहे. विषय पक्का असेल तर त्या परीक्षेतही त्याचा उपयोगच होतो.

खर्चाला हातभार म्हणून काम करावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यापीठांतून अशी योजना आज चालते. तिची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी.

इंग्रजीचा बाऊ करण्याचे कारण नाही आणि ती टाळूनही चालणार नाही. सामाजिक शास्त्रांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची सोय सामान्यतः असते. संदर्भग्रंथ मात्र पुष्कळसे इंग्रजीत असतात. विषय आधी मराठीतून समजून घ्यावा, मग त्याच विषयाची रोज चार-पाच इंग्रजी पाने ग्रंथालयात बसून वाचावीत. वर्गात प्रश्न मराठीत विचारावा. तो बिनचूक इंग्रजीत मांडता येईपर्यंत मनात ठेवू नये. खोलीत गावचेच मित्र असणे सुरुवातीला आधाराचे असते, पण वर्षभर त्याच वर्तुळात राहिले तर माहितीही तेवढीच राहते. आणि कोणी रॅगिंगच्या नावाखाली त्रास दिला, तर ते सोसण्यासारखे नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. तक्रार तत्काळ करावी.

जबाबदारी एकट्याची नव्हे

हे सारे विद्यार्थ्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. विद्यापीठांनी पहिल्या महिन्यात प्रत्येक विभागात एक जाणकार माणूस याच कामासाठी बसवावा आणि सूचना सोप्या मराठीत, मुदतीच्या पुरेशा आधी काढाव्यात. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, खिडकीवर अडखळत बोलणारा मुलगा दोन गाड्या बदलून आलेला आहे. त्याला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते, पण त्या उद्याची किंमत तो मोजतो. तालुक्याच्या महाविद्यालयांनीही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांसमोर विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्याला एक दिवस उभे करावे. त्यासाठी अनुदान लागत नाही.

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा सिंचन, रेल्वे आणि कारखाने यांभोवती फिरते, आणि ती आवश्यकच आहे. पण फडावरच्या कोयत्याच्या मिळकतीतून विद्यापीठापर्यंत पोचलेला एक विद्यार्थी पहिल्या सत्रातच परत फिरला, तर त्या घराची एका पिढीची बचत वाया जाते. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा विषयही मग त्या घरात पुन्हा निघत नाही. हे नुकसान कोणत्याही अनुशेषाच्या आकडेवारीत दिसत नाही. ते टाळण्यासाठी विद्यार्थ्याने न लाजता विचारले पाहिजे, आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांनी ते वेळेवर दिले पाहिजे.