हौशी ड्रॅग रेसिंग नेमकं कशामुळे महागलं?

अमेरिकेतले हौशी ड्रॅग रेसर कमी झाले, की खापर महागड्या इंजिनांवर फुटतं. मला ते अर्धंच पटतं. कारण हौशी रेसर ज्यात उतरतात त्या ‘ब्रॅकेट रेसिंग’मध्ये पाव मैलाला (सुमारे ४०२ मीटर) गाडीला किती सेकंद लागतील हे प्रत्येक जण आधीच काचेवर लिहितो. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा जोरात पळणारा सहसा बाद होतो. म्हणून १५ सेकंदांची घरची गाडी ९ सेकंदांच्या गाडीलाही हरवू शकते. इथे कस लागतो तो सातत्याचा.

खरा खर्च वाढवलाय अंतराने. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप २०१८ मध्ये बंद झाली, अटलांटा ड्रॅगवे २०२१ मध्ये, तर ह्यूस्टनची स्ट्रिप आणि डेन्व्हरजवळची बँडिमेअर २०२३ मध्ये. शहरं वाढली, जमिनींना सोन्याचा भाव आला. जवळचा ट्रॅक गेला, की ट्रेलर, तो ओढणारा ट्रक, डिझेल, मुक्काम सगळंच अंगावर येतं. ‘हौसेला मोल नसतं, पैसेवाले येतातच’ असं कुणी म्हणेल. येतात, पण घरची गाडी घेऊन पहिल्यांदा उतरणारी पोरं गळतात, आणि उद्याचे रेसर तीच असतात.