खोला सुटल्यावर

विंच कुरकुरतो, पाणी गाळत दोर वर येतात आणि दोन-तीन तास समुद्राच्या तळावरून फरफटत आलेलं जाळं ट्रॉलरच्या काठाला लागतं. खलाशी खोल्याची, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीची गाठ ओढतो. सगळा माल धाडकन फळ्यांवर. ज्या कोळंबीसाठी एवढं डिझेल जाळलं ती आधी दिसतही नाही. दिसतात ते बोटभर ढोमे, लेप, मोडक्या नांग्यांचे खेकडे, शंख आणि त्या सगळ्यावर पसरलेला जेलीफिशचा चिकटा.

खलाशी उकिडवे बसून निवडायला लागतात. कोळंबी एका टोपलीत, म्हाकूळ दुसरीत, राणी तिसरीत. शिंगाळ्याचा काटा लागला तर हात ठणकत राहतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवून. उरलेलं फावड्याने पाण्यात जातं. त्यातलं बरंचसं तोवर मेलेलं असतं.

काय ठेवायचं हे पुष्कळदा बर्फ ठरवतो. लांबच्या फेरीत पहिल्या दिवसांचा बारीक माल खणात साठवणं परवडत नाही. तोच ढोमा परतीच्या दिवशी मिळाला तर राहतो, कारण बंदरावर फिशमीलवाले, म्हणजे मासळीची भुकटी करणारे, तो घेतात. फेकणं कमी होतं खरं. पण पिल्लांनाही गिऱ्हाईक मिळालं, याला सुधारणा म्हणायचं का?

जगभरात २०१० ते २०१४ या काळात दरवर्षी सरासरी ९१ लाख टन मासळी पकडून परत फेकली गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा (एफएओ) अंदाज आहे. त्यातला ४६ टक्के वाटा तळावरच्या ट्रॉलिंगचा.

सिंधुदुर्गच्या समुद्रात फळ्यांवरच्या ढिगातून समुद्रसापही निघतात. शेपटी धरून त्यांना बाहेर भिरकावलं जातं. पण साप हवेत श्वास घेतो. जाळं फार वेळ पाण्याखाली राहिलं तर तो वर येण्याआधीच गुदमरलेला असतो. कासवांचंही तसंच. जाळं कापून कासव किंवा व्हेल शार्क सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ढोम्याच्या पिल्लासाठी कोण जाळं कापणार?

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. पण फूटपट्टी लागते बंदरावर, मेलेल्या माशाला. त्यापेक्षा जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोकं, बदलणं शहाणपणाचं. नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी तिरपी असते. ओढ बसली की मिटते आणि लहान मासा आतच अडकतो. चौकोनी आस ताणातही उघडी राहते. खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावावी, असं शास्त्रज्ञ कधीपासून सांगताहेत.

बोट चालवणाऱ्या तांडेलाची अडचणही खोटी नाही. त्या आसेतून ढोम्याबरोबर थोडी कोळंबीही निसटते, आणि शेजारच्या बोटीने जुनंच जाळं टाकलेलं असेल तर ती त्या बोटीच्या टोपलीत जाते.