ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा!

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली, कोपऱ्यात मोरी आणि मजल्यावर सामायिक संडास, यातच ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. भिंतींना टाइल्स आल्या, डोक्यावर शॉवर आला. वरळीच कशाला, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत, म्हाडाच्या घरांत, गावाकडच्या घरकुलांत आपल्या हजारो कुटुंबांची मोरी गेली आणि बाथरूम आली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण भगिनींनो, मोरी धुण्याची जुनी सवय आपण तशीच बाथरूममध्ये घेऊन गेलो, आणि आज आम्हांला त्याबद्दलच बोलायचे आहे.

मोरी ही उघडी असे. वास आला, धूर झाला, तरी तो खोलीच्या दारातून बाहेर पडे. बाथरूम म्हणजे चार बाय चारची बंद पेटी. खिडकी असली तर वीतभर, आणि तीही बहुधा डक्टमध्ये उघडणारी. अशा जागेत दार लावून, खाली उकिडवे बसून, ॲसिड ओतून घासत बसणे हे धोक्याचे काम आहे. शिवाय बहुतेक वेळा त्या ॲसिडची गरजच नसते.

गरज का नसते, ते समजण्यासाठी आधी घाण कसली आहे ते ओळखले पाहिजे. रोग न ओळखता औषध देणारा डॉक्टर आपल्याला चालत नाही. मग भिंतीवर कसला डाग आहे ते न पाहता हाताला लागेल ती बाटली का ओतायची?

नळाच्या तोटीवर, शॉवरच्या जाळीवर, बादलीच्या कडेला जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो पाण्यातला क्षार असतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. मुंबई महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरण-तलावांतून येते, ते बरेच हलके असते. तिथे हा थर हळूहळू बसतो. पण बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या वस्त्यांत, आणि अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर नवी कोरी बादली महिन्याभरात पांढरी पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे आहे. यावरून पाण्यापाण्यात किती फरक असतो ते ध्यानात येईल. त्यामुळे मुंबईच्या नणंदेची बाथरूम लख्ख आणि आपली पांढरट, म्हणून कोणी आपल्याला आळशी म्हणत असेल तर त्यांना आधी आपले पाणी दाखवावे.

हा क्षार आंबट पदार्थाने विरघळतो. आपल्या आज्या तांब्याचा हंडा चिंचेने घासत, तेव्हा हंड्याचा काळेपणा आणि आतला क्षार दोन्ही त्या आंबटानेच निघत. तेच इथे करायचे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळते, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून फडक्याने डागावर लावावे, दहा-पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. साधे व्हिनेगरही चालते. पिळून झालेली लिंबाची सालही नळाच्या तोटीवर चोळायला उत्तम, ती फेकू नये. शॉवरची भोके बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हे आंबट पाणी भरून ती शॉवरच्या तोंडाला रबराने बांधावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने काढावी. उरलेली भोके टाचणीने मोकळी होतात. रात्रभर मात्र बांधून ठेवू नये, वरचा चकचकीत मुलामा उडतो.

डाग क्षाराचाच आहे की दुसरा, याची खात्री करायची असेल तर त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले की समजावे, क्षार आहे.

बुडबुडे आले नाहीत आणि बोटाला बुळबुळीत लागले, तर तो साबणाचा थर. अंगाच्या साबणाची जड पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. त्यात अंगावरचे तेल, मळ मिसळतो. भिंतीच्या खालच्या दोन ओळींतल्या टाइल्स नेहमी जास्त मळतात त्या यामुळेच. याला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा, आणि ब्रश. एवढेच लागते. जमिनीवरचा हा थर आठवड्याला निघालाच पाहिजे, कारण घरातील वडीलधारी माणसे घसरतात ती यावरूनच. साठी ओलांडलेल्या आईचे खुब्याचे हाड मोडले की घराचे काय होते, ते ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करू. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायचा आणि तो जादूचा उपाय म्हणून सांगायचा, अशी हल्ली टूम निघाली आहे. फेस दिसायला छान, पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. उरते ते जवळजवळ खारे पाणी. सोडा वापरा किंवा व्हिनेगर वापरा, दोन्ही वापरायचे तर आधी सोड्याने साबणाचा थर काढा, पाणी ओता, आणि मग क्षाराला आंबट लावा.

राहिला काळा डाग. टाइल्सच्या सांध्यांत आणि छताच्या कोपऱ्यात येते ती बुरशी. ती ओलाव्यावर जगते. आंघोळी उरकल्या की शेवटच्या माणसाने वायपरने भिंत आणि जमीन ओढून घ्यावी आणि दार उघडे ठेवावे, याने अर्धी बुरशी येतच नाही. आलेली बुरशी घालवायला पातळ ब्लीच चालते. बाजारच्या ब्लीचचे चार मोठे चमचे एक लिटर थंड पाण्यात घालून लावावे, दहा मिनिटांनी धुवावे. पण ज्या दिवशी ब्लीच, त्या दिवशी दुसरे काहीही नाही. का, ते आता सांगतो. हे दोनदा वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर यांच्याशी ॲसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता, तोच हा वायू. बाथरूममध्ये तो थोडा निर्माण होतो हे खरे, पण जागाही चार बाय चारचीच असते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड आहे, तो खाली साचतो. उकिडवे बसून फरशी घासणारीचे नाक नेमके तिथेच असते. आणि लोकांना वाटते की ॲसिड म्हणजे पिवळसर, धूर सोडणारी ती बाटलीच तेवढी. तसे नाही. संडास साफ करण्याच्या रंगीत, सुवासिक बाटल्यांतही बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असते. लेबलावर वाचा, स्वतःला वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वही ब्लीचमध्ये मिसळायचे नाही. लहान मुले जिथे लघवी करतात त्या कोपऱ्यातही भरपूर पाणी ओतल्याशिवाय ब्लीच टाकू नये, त्यातूनही डोळे-घसा चुरचुरवणारा वायू निघतो.

घसा धरला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, की ‘एवढे घासून होऊ दे’ म्हणायचे नाही. तिथल्या तिथे सगळे सोडून बाहेर मोकळ्या हवेत यावे. तोंडाला ओढणी किंवा पदर बांधल्याने हा वायू अडत नाही. दम्याच्या माणसाला, किंवा कोणालाही श्वास घ्यायला जड वाटू लागले तर सरळ दवाखाना गाठावा. त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये. डोळ्यात उडाले तर डोळा उघडा धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग डॉक्टरकडे जावे. मुलाच्या पोटात गेले तर उलटी करवू नये, गळ्यातून वर येताना ते पुन्हा जाळते. बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात पळावे. आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची जी चाल आपल्याकडे आहे, ती आजच्या आज बंद झाली पाहिजे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ॲसिड विकण्यास मनाई केली. तरीही जो विक्रेता कॅनमधून सुटे ॲसिड ओतून देतो, त्याच्याकडून ते घेऊ नये.

ॲसिडने घराचेही नुकसान होते. टाइल्सचा गुळगुळीत भाग टिकतो, पण सांध्यातले सिमेंट ते खाते. दरवर्षी थोडे थोडे. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका वर येतात आणि सांगतात, आमच्या छतातून पाणी गळते! सोसायटीतली निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात. म्हणून लिंबूसत्त्वासारखे सौम्य आंबट लावतानाही आधी भिंत साध्या पाण्याने ओली करून घ्यावी, म्हणजे सांधा ते पीत नाही. ज्यांच्याकडे अजून मोरीच आहे त्यांनी तर आणखी जपावे. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या फरश्या मुळात चुनखडीच्या दगडाच्या आहेत. जो क्षार काढण्यासाठी आपण आंबट लावतो, त्याच जातीचा तो दगड. ॲसिड टाकले की फरशी स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात तिचा वरचा पापुद्रा गेलेला असतो. मग ती खडबडीत होते आणि पूर्वीपेक्षा लवकर मळते. या फरशीला लिंबूसुद्धा नको, सोडा आणि ब्रश पुरे.

आता आमच्या मनात जे सर्वांत जास्त आहे ते सांगतो. आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरची बाथरूम धुऊन संसार चालवतात. आपली मुले हॉटेलांत, इस्पितळांत, मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहेत, काही आखातात आहेत. आपल्या घरात बाथटब नसेल, पण तो घासायचा कसा हे त्यांना माहीत असावे लागते. टब ॲक्रिलिकचा असेल तर तारेची घासणी आणि खरखरीत पावडर लावू नये, ओरखडे पडतात. कडेने जी मळकट रेघ उमटते ती साबण, अंगाचे तेल आणि क्षार यांचीच. मऊ स्पंज, भांड्याचा साबण आणि गरम पाण्याने ती जाते. काम देणाऱ्या बाईसाहेबांनी हातात ॲसिडची बाटली दिली तर शांतपणे सांगावे, ‘ताई, याने तुमचा नळ खराब होईल, मला लिंबूसत्त्व आणून द्या.’ आपल्या छातीचे सांगितले तर ऐकतीलच असे नाही, नळाचे सांगितले तर नक्की ऐकतील! रबरी हातमोजे मागावेत. मागायला लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. खिडकी-दार उघडे ठेवूनच काम करावे, आणि आदल्या दिवशी कोणी काय ओतून ठेवले आहे ते विचारल्याशिवाय नवे काही ओतू नये. ‘रात्रभर ब्लीच टाकून ठेवले आहे’ असे कळले तर आधी चार बादल्या पाणी.

आपल्या घरी मात्र हे काम एकट्या आईचे किंवा सुनेचे का असावे? आंघोळ सगळेच करतात. दहावीतल्या मुलाला वायपर ओढता येतो आणि कामावरून आलेल्या नवऱ्यालाही ब्रश धरता येतो. रविवारी अर्धा तास पुरतो.

बाथरूममध्येच पाण्याचे पिंप असते, त्याचेही त्याच दिवशी उरकावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यातून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पिंप नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर उपयोग नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंपाची आतली बाजू, बादल्या आणि बाळाला न्हाऊ घालण्याचा टब ब्रशने खरवडून घासावा, उन्हात पालथा घालावा आणि भरल्यावर पिंपावर घट्ट झाकण किंवा दुहेरी फडके बांधावे. टँकर दहा दिवसांनी येणाऱ्या वस्तीत पिंप रिकामे करणे जमणार नाही हे आम्हांला ठाऊक आहे. तिथे निदान पाणी खाली गेल्यावर उघडी पडलेली बाजू घासून घ्यावी, फडके मात्र एक दिवसही सोडू नये.