दातावरून ओळखलेला मासा

कार्ले-भाजे लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, त्यात माशाचे अवशेष शोधणे व्यर्थ आहे. मावळचा हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचा. त्यातल्या एका थरसमूहाला भूवैज्ञानिक ‘लोणावळा उपगट’ म्हणतात. खंडाळा आणि बुशे हे त्याचे दोन भाग. माशाचा जीवाश्म घडायला मात्र गाळ लागतो.

असा गाळ राज्याच्या पूर्व टोकाला आहे. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मलेरी परिसरातले लाल मातीचे खडक सुमारे २२ कोटी वर्षांचे, म्हणजे लोणावळ्याच्या कातळाच्या तिपटीहून जुने आहेत. तिथे सापडलेल्या माशांच्या दातांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९मध्ये केले. एका जातीला त्यांनी ‘सेराटोडस हिस्लोपियानस’ हे नाव दिले. नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांचा हा सन्मान होता. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजलाही त्यांचेच नाव आहे.

सेराटोडस ही प्रजाती लुई अ‍ॅगासी यांनी १८३८मध्ये युरोपातल्या दातांवरून मांडली होती. सांगाड्याचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणून तो कुजून जातो. पंख्यासारख्या कंगोऱ्यांच्या कठीण दंतपट्टिका तेवढ्या टिकतात. त्यामुळे हा मासा दिसत कसा असेल, हे कोडेच होते. ते १८७०मध्ये सुटू लागले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नद्यांतला एक मासा सिडनीच्या संग्रहालयात गेरार्ड क्रेफ्ट यांच्यासमोर आला. त्याचे दात पाहून त्यांनी तो थेट सेराटोडसमध्येच घातला. पुढे या माशाची प्रजाती वेगळी ठरली, तरी घराणे जवळचेच राहिले. या माशाला कल्ल्यांबरोबर फुप्फुसही आहे. पाण्यातला प्राणवायू घटला की तो वर येऊन हवा घेतो. त्याचे आफ्रिकी भाऊबंद तर डबके आटले की चिखलात गाडून घेतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

नुसत्या दातांवर विसंबण्यात एक धोकाही आहे. दंतपट्टिका वयाबरोबर वाढतात आणि झिजतात, त्यामुळे एकाच जातीचे लहान-मोठे मासे निरनिराळ्या जातींचे भासू शकतात. म्हणूनच नव्या दाताला नवे नाव देण्याआधी कंगोऱ्यांची संख्या, त्यांच्यातले कोन आणि झिजेच्या खुणा एकत्र तपासाव्या लागतात.