संगणक सुरू होताच सामायिक फोल्डर जोडले जावे म्हणून

ज्या शाळेत चार-पाच संगणक एकमेकांस जोडलेले आहेत, तेथे मुलांचे लेखन व मूल्यमापनाच्या नोंदी एकाच संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे सोयीचे असते. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. परंतु हे फोल्डर इतर संगणकांवर रोज हाताने जोडावयाचे म्हटले, तर पहिल्या तासिकेचा बराच वेळ त्यातच जातो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ही जोडणी यंत्र सुरू होताना आपोआप व्हावी, अशी योजना करता येते.

त्यासाठी ‘ईटीसी’ या फोल्डरमधील ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. (ही सर्व नावे संगणकात रोमन लिपीतच टंकावीत.) कोणता साठा कोठे जोडावयाचा, हे यंत्र सुरू होताना या फाइलीतून वाचते, सबब तीत बदल करण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी. ओळीत सहा रकाने असतात. पहिल्यात सर्व्हरचा पत्ता व फोल्डरचे नाव, दुसऱ्यात ते आपल्या संगणकावर जेथे दिसावयाचे ती जागा, तिसऱ्यात प्रकार, चौथ्यात अटी. उरलेल्या दोहोंत शून्य लिहिले की झाले. विंडोज किंवा सांबाचे फोल्डर असल्यास प्रकार ‘सीआयएफएस’ लिहावा. ‘सीआयएफएस-युटिल्स’ हे पॅकेज मात्र आधी बसविलेले असावे. अटींच्या मध्ये स्वल्पविराम द्यावा, मोकळी जागा सोडू नये. सर्व्हरचा पत्ता बदलत राहिला तर ही ओळ निरुपयोगी ठरते, म्हणून राउटरमध्ये तो कायम करून घ्यावा.

पासवर्ड या ओळीत मुळीच लिहू नये, कारण एफएसटॅब कोणीही विद्यार्थी उघडून वाचू शकतो. तो निराळ्या फाइलीत ठेवून, ती केवळ ‘रूट’ला वाचता येईल अशी परवानगी (६००) द्यावी आणि चौथ्या रकान्यात तिचा निर्देश करावा. मुलांना लिहिता यावे यासाठी त्यांच्या खात्याचा क्रमांकही ‘यूआयडी’ म्हणून तेथेच द्यावा.

खरी मेख पुढे आहे. वीज जाऊन आली, मुलांचे संगणक सुरू झाले, पण कार्यालयातील सर्व्हर बंदच राहिला, असे खेड्यात घडतेच. अशा वेळी यंत्र फोल्डरची वाट पाहत दीड मिनिटापर्यंत खोळंबू शकते. ‘नोफेल’ ही अट घातल्यास ते खोळंबत नाही. तथापि तेवढ्याने भागत नाही. जोडणी झालेली नसताना ती जागा साध्या रिकाम्या फोल्डरसारखी उघडते. तेथे लिहिण्याची मुभा सर्वांस असेल, तर मूल आपला निबंध तेथेच जतन करते. दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू होतो, जोडणी होते आणि निबंध दिसेनासा होतो. तो नष्ट झालेला नसतो. त्याच संगणकाच्या डिस्कवर, जोडलेल्या फोल्डरखाली झाकला गेलेला असतो. मुलाने काम केलेच नाही असा ठपका ठेवण्यापूर्वी जोडणी सोडवून ती जागा अवश्य पाहावी.

हा घोळ टाळण्यास ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ ही अट उपयोगी पडते. तिच्यामुळे फोल्डर उघडण्याच्या क्षणी जोडणीचा प्रयत्न होतो. सर्व्हर बंद असल्यास फोल्डर न उघडता चूक दाखविली जाते. काम भलत्या ठिकाणी साठत नाही. मागाहून सर्व्हर चालू केला, की पुन्हा उघडताना सहसा जोडणी होते.

ओळ लिहून झाल्यावर लगेच यंत्र बंद-चालू करू नये. प्रथम ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ व नंतर ‘माउंट -ए’ या आज्ञा देऊन चूक निघते काय ते पाहावे. मग सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून एक संगणक सुरू करावा व फोल्डर उघडून पाहावे.